वरची डाळ

“राम म्हणा, मग चहा.”

कपबशी हातात धरून मी खाटेपाशी उभी होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. डाव्या हाताचं बोट त्यांनी कपाकडे केलं.

“बोट नाही अण्णा. तोंडानं. रा...”

त्यांचे ओठ जुळले, गालाची एक बाजू थरथरली. “ब... ब...” एवढंच आलं. आणि तेवढ्यात ओसरीवरच्या पिंजऱ्यातून खणखणीत आवाज आला, “राम!”

आमचा पोपट. टाळ्या त्याचं नाव. बोलून झालं की तो चोचीनं गजांवर टाळ धरायचा, कारण त्याची डाळ मिळायची वेळ झालेली असायची. अण्णांनी डावा हात पिंजऱ्याकडे हलवला. त्याचं त्याला दे, असं ते सांगत होते. या बाबतीत आजारपणातसुद्धा ते कडक. मी कप खाली ठेवला, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा टाळ्याला दिला आणि परत आले. चहावर साय धरली होती.

“हं, आता तुमची पाळी,” मी म्हणाले.

हे मी माझ्या सासऱ्यांना म्हणाले. विनायकबुवा शेंड्यांना. कुरुंदवाडला आमच्या आळीतल्या राममंदिरात ज्यांनी एकतीस वर्षं रामजन्माचं कीर्तन केलं, त्यांना.

लग्नाआधी मी त्यांच्या श्रोत्यांतली होते. माझं माहेर निपाणीचं. अण्णांचं कीर्तन असलं की वडील मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. अण्णा इतकं सोपं बोलायचे की तंबाखूच्या वखारीतून थेट आलेल्या बायकांना वाटायचं, बुवा आपल्याच घरचं सांगताहेत. त्या हसायच्या, मग डोळ्यांना पदर लावायच्या, आणि त्यांच्या पदराच्या वासानं मला शिंका यायच्या. पुढे या घरातून स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो हे मी विचारलंसुद्धा नाही. मुलगा जयसिंगपूरच्या शाळेत गणित शिकवत होता, हे मला साखरपुड्यात कळलं. आमचे हे अजून चिडवतात, “तू लग्न अण्णांच्या कीर्तनाशी केलंस, मी आपला झांजा वाजवायला.”

अण्णांचा रामजन्म बघायला नदीपलीकडून माणसं यायची. बारा वाजायला आले की ते हात वर करायचे. पेटी थांबायची, तबला थांबायचा, बायका मुलांची तोंडं दाबायच्या. देऊळभर माणूस आणि आवाज काही नाही. मग अण्णा एकदाच म्हणायचे, “राम.” ओरडून नाही. कुणीतरी झोपलेलं मूल हातात दिल्यावर आपण जसं बोलू, तसं. त्यानंतर गुलाल, फुलं, पाळणा, सगळं. पण ऐकायला आलेलं माणूस त्या एका शब्दासाठी आलेलं असायचं.

आणि त्यांचा एक नेम होता. ज्या देवळात कीर्तन, तिथलं अन्न घ्यायचं नाही. कीर्तनाच्या गादीवर उभं असताना पाण्याचा घोटसुद्धा नाही. रामनवमीचा सुंठवडा ते कागदात बांधून घरी आणायचे आणि उपरणं खुंटीला लावल्यावरच तोंडात टाकायचे. “गादीवर तोंड एकाच कामाला,” म्हणायचे.

त्या वर्षी मार्गशीर्षात शिरोळला कीर्तन उरकून बैलगाडीत चढताना अण्णा कोसळले. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पाय थोडा परत आला. वाचा आली नाही.

डॉक्टर मगदूम आठवड्यातून एकदा यायचे. ते म्हणाले, “त्यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, वाट बंद झालीय. तुम्ही मागण्याआधी हातात देऊ नका. चहा हवा तर ‘चहा’ म्हणू देत, पाणी हवं तर ‘पाणी’. थोडी कळ काढायला लावा. पण छळू नका, बरं का.”

शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नसावं.

“चहा कसला म्हणायचा?” घरात आल्यावर मी ह्यांना म्हणाले. “त्या तोंडातून पहिला शब्द फुटायचा तर नावच फुटू दे.”

“अगं, डॉक्टरांनी चहा म्हणायला सांगितलंय.”

“चहा काय, मागाहून येईल.”

“आणि पाणी हवं असलं तर?”

“राम.”

“लघवीला जायचं असलं तर?”

“काहीतरीच तुमचं!” म्हणून मी विषय तोडला.

ही रीत मला कुठून सुचली, तर अण्णांकडूनच. टाळ्या वडाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू. अण्णांनी त्याला वाढवलं आणि बोलायला शिकवलं. मी नवी नवरी असताना सकाळची पूजा आटोपली की ते भिजवलेल्या डाळीची वाटी घेऊन पिंजऱ्यासमोर बसायचे, आणि मी निवडायचं सूप घेऊन शेजारी.

“मूठभर टाकली की मेहनत पाण्यात,” ते सांगायचे. “एक दाणा. आणि शब्दाच्या पाठोपाठ. मधे श्वास घेण्याइतका वेळ गेला, तर डाळ कशाबद्दल मिळाली ते त्याला कळत नाही. तो समजतो, मान हलवली म्हणून मिळाली. मग बसतो माना हलवत.”

“आणि ओरडला तर?”

“ओरडला तर त्याच्याकडे पाठ करायची. तेव्हा दिलंस, तर तो ओरडणंच शिकेल.”

“मिरची का नाही देत अण्णा? मिरचीवर तर जीव आहे त्याचा.”

“म्हणूनच रोज नाही. मिरची नवा शब्द आला तर. देवसुद्धा आपल्याला रोज कुठं मिरची देतो?”

मी हसले. मग विचारलं, “पण त्याला राम कळतो का हो?”

“छे! त्याला डाळ कळते.” अण्णा टाळ्याच्या चोचीत दाणा धरत म्हणाले, “मलाही लहानपणी सुंठवडाच कळायचा, सूनबाई. त्यासाठीच जायचो देवळात. सुंठवडा कधी मागे पडला आणि दुसरं काय उरलं, ते मला सांगता यायचं नाही. याचंही होईल कधीतरी. नाही झालं तर नाही. डाळीला काय तोटा आहे?”

हे सगळं मी पाठ केलं होतं. त्यांच्या कीर्तनातली आख्यानं जशी पाठ होती, तसंच.

माघ संपत आला तरी अक्षर फुटेना. सकाळचा चहा अकराला पोचू लागला. मग मी जेवणावरही आले. घास हातात धरून मी “रा... रा...” करत बसायची, आणि भात निवून जायचा. शेवटी देत होते, नाही असं नाही. पण उशिरा देत होते. अण्णांच्या मनगटातलं हाड वर दिसू लागलं होतं. मला वाटलं, दुखण्यानं.

एका दुपारी मी चिंचगुळाची आमटी आणि भात घेऊन बसले. अण्णांनी बोट केलं नाही, “ब ब” केलं नाही. ते नुसते रडायला लागले. अण्णा, ज्यांनी हजार माणसांना रडवलं आणि स्वतः कोरडे राहिले, ते ताटाकडे बघून रडत होते. माझा हात घास उचलून निम्म्यावर गेला. आणि मला आठवलं, तेव्हा दिलंस तर तो ओरडणंच शिकेल.

मी घास ताटात ठेवला, वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

किती वेळ, सांगता येत नाही. माझे स्वतःचे खांदे हलत होते. मग मागून आवाज आला. घोगरा, ओला, पण शब्द पुरा.

“राम.”

मी अशी वळले की ताट कलंडलं असतं. शब्दाच्या पाठोपाठ घास गेला पाहिजे म्हणून आधी घास भरवला आणि मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी तो गिळला आणि मी डोकं वर उचलायच्या आत म्हणाले, “राम.” मी दुसरा भरवला. “राम.” तिसरा. त्या दिवशी त्यांनी सगळा भात संपवला.

आळीत बातमी पसरली. बुवांना वाचा आली, पहिला शब्द नाव आला! लोक नारळ घेऊन यायचे. मी खडीसाखर हातात धरायची, अण्णा म्हणायचे, मी खडा द्यायची. बायका म्हणायच्या, “उमावहिनी, तुमच्या सेवेला फळ आलं.” मलाही तसंच वाटायचं. पिंजऱ्यातून टाळ्या दरवेळी साथ द्यायचा आणि सगळे हसायचे. अण्णा हसत नव्हते.

दुसरा शब्द मात्र आला नाही. पाणी हवं, राम. खिडकी लावून घ्या, राम. पाठ खाजते, राम. एकदा दुपारी ते सारखं म्हणायला लागले, राम, राम, राम. मी चहा दिला, केळं दिलं, पांघरूण घातलं. त्यांचं आपलं चालूच. हळूहळू आवाज चढला आणि मग एकदम थांबला. धोतर भिजलं होतं, गादी भिजली होती.

ह्यांनी शाळेतून आल्यावर सगळं धुतलं. दोरीवर धोतर टाकताना मला एवढंच म्हणाले, “त्यांना ‘लघवी’ शिकवायला हवं होतं, उमा.”



रंगपंचमीला भाऊ कवठेकर आले. एकतीस वर्षं अण्णांच्या मागे पेटी धरलेला माणूस. तपकीर ओढून म्हणाले, “सूनबाई, देवळाच्या कमिटीनं रामनवमीला मिरजेचा नवा बुवा ठरवलाय. पोरगं बरं गातं. पण बाराच्या ठोक्याला ते तोंड उघडेल आणि गाव घरी जाईल. बुवांना उभं करूया का? कीर्तन तो करील. बाराला फक्त एक शब्द.”

“करतील,” मी म्हणाले.

“नक्की निघेल? हजार माणूस असतंय. न निघाला तर त्यांची शोभा व्हायची.”

“भाऊकाका, ते माझ्याकडे लागलं.”

भाऊकाका अण्णांकडे वळले. “काय बुवा? उभं राहायचं?”

अण्णांनी डोळे मिटले. मी तो होकार धरला.

मग रोज तालीम. घडी घातलेल्या घोंगडीवर अण्णांना उभं करायचं, उजवीकडून ह्यांनी धरायचं. बाराला मी हात वर करायचा. अण्णांनी म्हणायचं. वाडीच्या पेढ्याचा तुकडा माझ्या मुठीत. एरवी साधा घास पुरायचा, पण रामनवमीची गोष्ट वेगळी. पेढ्यावर त्यांचा जीव होता. चार दिवसांत ते घोंगडीवर पाय पडताच म्हणू लागले. मी म्हणायची, “आत्ता नाही, हात वर झाल्यावर,” आणि तेव्हा द्यायची नाही. तेही त्यांना जमलं.

रामनवमीला देऊळ भरून माणसं बाहेर पिंपळाच्या पारापर्यंत गेली होती. भाऊकाकांनी अण्णांना स्वतः फेटा बांधला. मला गादीशेजारी डावीकडे उभं राहायला दिलं होतं, सगळ्या बायकांत एकटीला. पावणेबाराला ह्यांनी आणि कमिटीच्या एकानं अण्णांना गादीवर आणलं. मिरजेच्या बुवानं त्यांच्या पायाला हात लावला आणि तो मागे सरला. बायका मुसमुसायला लागल्या. अण्णा सरळ उभे राहिले. मी त्यांना इतकं सरळ झटक्यानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी समोरच्या मूर्तीकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता माझी काही गरज नाही.

पण मूठ तयार होती.

पेटी थांबली. तबला थांबला. माझा हात वर झाला.

“राम.”

घोगरा नव्हता. ओला नव्हता. तोच, जुना. देऊळ फुटल्यासारखा जयजयकार झाला, गुलाल उडाला, पाळण्याची दोरी हलली, मिरजेच्या बुवानं पाळणा गायला घेतला. आणि त्या लाल धुरळ्यात अण्णांचा डावा हात माझ्यासमोर आला. तळवा वर, बोटं एकत्र.

शब्दाच्या पाठोपाठ. मी विचार केलाच नाही. पेढा त्यांच्या हातावर ठेवला, त्यांनी तो तोंडात टाकला.

दोनदा जबडा हलला. मग थांबला.

त्यांनी खाली बघितलं. पायाखाली गादी होती. मग मूर्तीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पेढा गालात तसाच होता, ना गिळता येत होता ना टाकता येत होता, आणि ओठांच्या वाकड्या बाजूनं त्याचा ओघळ हनुवटीवर आला होता. लोक त्यांच्या पायांवर पडत होते. आमचे हे डोळ्यांतला गुलाल पुसत होते. पेटीवरून मान वर करून फक्त भाऊकाका बघत होते. त्यांचा हात सुरावर तसाच राहिला होता, एकच सूर वाजत होता.

मी पदरानं अण्णांची हनुवटी पुसायला गेले. त्यांनी मान फिरवली.

चारच्या सुमाराला भाऊकाका घरी आले. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. भाऊकाका ओसरीवर बसून पिंजऱ्याकडे बघत राहिले. टाळ्याच्या छातीवरची पिसं गेली होती, तो ती स्वतःच उपटायचा. त्यानं भाऊकाकांना बघितलं आणि लागोपाठ म्हणत सुटला, राम, राम, राम.

“याची वाटी रिकामी कशी?” भाऊकाकांनी विचारलं.

“बोलला की देते ना. दिवसभर देतच असते.”

“म्हणजे? नुसतं बोलल्यावर?”

“अण्णा तसंच करायचे की. मी रोज बघत होते.”

भाऊकाकांनी तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

“तुम्ही पूजा झाल्यावरचं बघत होता, सूनबाई. मी पहाटे यायचो, नदीवर जायला. बुवा उठले की पहिलं काम, याची वाटी शिगोशीग भरायची. पेरू, दाणे, भाकरी. हा पोटभर खायचा. तो बोलो, न बोलो. तुम्ही बघितलीत ती वरची डाळ. लाडाची.” मग म्हणाले, “उपाशी ठेवून नाव घ्यायला लावीन, तर मी कसला बुवा, असं म्हणायचे.”

ते गेले. मी वाटी भरली. टाळ्यानं तिच्यात चोच खुपसली ती काळोख पडेपर्यंत वर काढली नाही. आणि भरल्या वाटीनं तो पुढे महिनाभर एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांपुढे ताट ठेवलं. गरम भात, तूप, लिंबाची फोड. “अण्णा, काही म्हणायचं नाही. जेवा,” मी म्हणाले. माझं वाक्य पुरं होण्याआधी त्यांच्या तोंडून निघालं, “राम.” त्यांनी ते म्हटलं नव्हतं, ते निघालं होतं. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं. मग त्याच हातानं ताट दूर सारलं.

“चुकले मी, अण्णा. माझ्यावरचा राग अन्नावर नका काढू.”

ते ऐकत होते. त्यांना सगळं समजत होतं. पण दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी ह्यांच्या हातूनही जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी ताट ठेवलं आणि काही न बोलता माजघरात गेले, दार लोटून घेतलं. फटीतून दिसत होतं. ताटावर वाफ होती. अण्णा म्हणाले, “राम.” मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आजही नाही. ते तसेच बसले. वाफ विरळ झाली, थांबली. तूप भातावर पांढरं झालं. आणखी काही वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, डाव्या हातानं ताट पुढ्यात ओढलं आणि सावकाश जेवले.

त्यानंतर रोज तसंच. एकदा मी मुद्दाम निवलेलं वाढून बघितलं, तर तेवढाच वेळ थांबले. ह्यांनी विचारलं, “अण्णा वाट कसली बघतात गं?” मी म्हणाले, “मला नाही माहीत.” मला माहीत होतं. शब्द आणि घास यांना मी मारलेली गाठ ते एका हातानं सोडवत होते. त्या थांबण्यात मी असून चालणार नव्हतं. मी दोन वेळा ताट ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. आधी नाव यायचं, मग ती शांतता, मग फरशीवरून ताट ओढल्याचा आवाज. तो आला की मी माझं पान घ्यायची.

शांतता दिवसेंदिवस लांबत गेली. श्रावणात अर्धा तास झाला. नवरात्रात मी त्या वेळात सहा माळा ओढायची.

कोजागरीनंतर चौथ्या दिवशी मी दुपारचं ताट ठेवलं. मुगाचं वरण होतं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी दार लोटलं. पलीकडून आवाज आला, साधा, संथ, “राम.”

मी माळ घेतली. सहा झाल्या. आणखी सहा झाल्या. अंगणातलं ऊन ओसरीवर चढलं. मी कान देऊन उभी होते. ताट ओढल्याचा आवाज आला नाही.